इगर्जीचा पैसा कुणाच्या कुलुपात? गोव्यातल्या एका गावाचा जुना हिशेब असा शोधावा

गावच्या देवळाच्या जमिनी पुढे कुणाकडे गेल्या, इगर्ज (चर्च) कुणाच्या खर्चाने उभी राहिली, फेस्ताचा (तिच्या उत्सवाचा) मान अमक्याच घराण्यांकडे का, असे प्रश्न घेऊन पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी 'चर्चच्या मिळकतीची वही' मागतात. अशी वही नाही. पोर्तुगीज अमलात इगर्जीभोवतीचा पैसा निदान पाच वेगवेगळ्या पेट्यांत होता आणि प्रत्येक पेटीची किल्ली वेगळ्या माणसाकडे होती. शोध जमिनीचा असो वा मानाचा, दर कागदाला दोनच प्रश्न विचारायचे: पैसा कुठल्या पेटीतून निघाला आणि खाली सही कुणाची? रक्कम किती, हे त्यानंतर.

गाव कुठल्या काबिजादीतलं?

तिसवाडी 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, बारदेश आणि साष्टी 1543 मध्ये. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख. फोंडा 1763 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये आलं. ही दोन आणि त्या सुमारास आलेले बाकीचे महाल मिळून नव्या काबिजादी. हा फरक आधी पक्का करा, कारण त्यावर कपाट बदलतं. जुन्या काबिजादीतल्या गावाला देवळाची जमीन, इगर्ज, बंधुसंघ (भाविकांची संघटना), गावकरी (गावाची जमीन सांभाळणारी संस्था) असा सगळा गुंता असतो. नव्या काबिजादीत सत्ता आली तोवर देवळं पाडण्याचं धोरण मागे पडलं होतं. तिथले कागद देवस्थान आणि महाजनांच्या (देवळाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांच्या) नावाने शोधायचे.

यातच एक हमखास चकवा आहे. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देव फोंड्यात, पण मूळ जमिनीचा कागद साष्टीत. फोंड्याच्या दप्तरात मूळ इनाम शोधत बसलात तर दिवस फुकट. कुठ्ठाळी, केळशी आणि वेर्णे आज मुरगाव नि सासष्टी तालुक्यांत विभागली गेली असली, तरी जुन्या कागदात ती साष्टीतच सापडतात.

साष्टीही एक नाही, दोन आहेत. एक गोव्याची, दुसरी मुंबई-ठाण्याची, आणि पोर्तुगीज लेखनिकाने दोन्हींचं नाव जवळपास सारखंच लिहिलं आहे. मजकुरात वसई, ठाणे, वांद्रे किंवा 'उत्तर प्रांत' आला तर ती मुंबईची साष्टी. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तो प्रांत पोर्तुगीजांच्या हातून गेला. राशोल, मडगाव, कुंकळ्ळी आलं तर गोव्याची. मार्गदर्शक यादीत दोन्ही एकाच शीर्षकाखाली आलेली दिसली तरी गोंधळू नका.

गाव ठरलं की कुठल्या संघाच्या पाद्र्यांकडे होतं ते लिहून ठेवा. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेजुइटांकडे, तिसवाडीत डोमिनिकन आणि जेजुइट अशी वाटणी. साष्टीच्या गावाचे फ्रान्सिस्कन कागद शोधण्यात अर्थ नाही.

पाच पेट्या

पहिली पेटी फाझेंदा, म्हणजे सरकारी खजिना. इथेच वाचकाची सर्वात मोठी गफलत होते. दशांश, म्हणजे धर्माच्या नावाने घेतलेला दहावा हिस्सा, चर्चच्या तिजोरीत जात असेल असं आपण धरून चालतो. पोर्तुगालच्या राजाकडे 'पाद्रोआदो' होता, म्हणजे आपल्या प्रदेशात बिशप सुचवण्याचा आणि चर्च चालवण्याचा हक्क. 1551 पासून ख्रिस्त-संघ या पोर्तुगीज धार्मिक-लष्करी संघाचं प्रमुखपदही राजगादीला कायमचं जोडलं गेलं. त्यामुळे दशांश राजाचा, आणि त्याबदल्यात बिशपांचे आणि विगारांचे (इगर्जीच्या मुख्य पाद्र्यांचे) पगार, मेण, तेल, द्राक्षारस हेही राजाने द्यायचं. या पगाराला 'काँग्रुआ' म्हणतात. पगार थकला की पाद्री राजाकडे अर्ज करायचा, रोमकडे नाही. अर्ज कुणाच्या नावे आहे एवढं पाहिलं तरी सत्तेची बाजू कळते.

दुसरी पेटी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद. पोर्तुगीज येण्याआधीपासूनची ही गावाची संस्था. 1526 च्या फोराल नावाच्या सनदेत तिचे रीतिरिवाज लिहून काढले गेले. ती सरकारला फोर (ठरीव सारा) भरायची, जमीन लिलावाने कसायला द्यायची, बांध-मानशी (पाण्याची दारं) सांभाळायची आणि उरलेलं गावकारांत, म्हणजे संस्थेच्या वंशपरंपरागत सभासदांत, जोण म्हणून वाटायची. पूर्वी देवळाचा खर्च तिच्याच हिशेबातून निघे. देवळं गेल्यावर तोच रकाना इगर्जीच्या नावावर वळवला गेला. म्हणून कोमुनिदादीच्या वहीत विगाराला, फेस्ताला, इगर्जीच्या छपराला पैसे गेलेले दिसले तर ते दान समजू नका. बऱ्याच ठिकाणी तो जुनाच खर्च, नाव बदललेला.

तिसरी फाब्रिका: इगर्जीच्या इमारतीचा आणि पूजासाहित्याचा निधी. गिलावा, घंटा, वेदीची दुरुस्ती, पाद्र्याचे पोशाख. हिच्यावर विगाराचा हात असतो, पण हिशेब तपासायला आर्चबिशपचा माणूस येतो.

चौथी कॉन्फ्रारिया, म्हणजे बंधुसंघ. गावच्या राजकारणासाठी सगळ्यात बोलकी पेटी हीच. सभासद कोण, याचे नियम 'कोंप्रोमिसो' नावाच्या घटनेत असतात, आणि कित्येक गावांत सभासदत्व ठरावीक जातीच्या गावकार घराण्यांपुरतंच होतं. फेस्ताच्या मिरवणुकीत लाल-पांढरी ओपमुर्स (बंधुसंघाचा झगा) कोण घालणार याचे तंटे कोर्टापर्यंत गेले ते यामुळेच. संघाकडे जमिनी असत, आणि तो गावात व्याजाने पैसेही लावे. वहीतली कर्जदारांची यादी काळजीपूर्वक उतरवून घ्या. अध्यक्ष, खजिनदार आणि कर्जदार यांची आडनावं शेजारी शेजारी मांडली की गावात कोण कुणाच्या मुठीत होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाचवी पेटी धर्मसंघांची स्वतःची मालमत्ता. जेजुइटांच्या बागा-शेतं, जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठासारख्या संस्थांना मिळालेले हुंडे (हा स्त्रियांचा मठ 1606 चा). ही पेटी गावच्या वहीत जवळजवळ दिसत नाही. जेजुइटांना 1759 मध्ये हाकललं आणि बाकीचे पुरुषसंघ बरखास्त करणारा हुकूम 1834 मध्ये पोर्तुगालात निघाला. तेव्हा झालेल्या जप्तीच्या याद्यांत ती एकदम उघडी पडते. जप्तीची यादी म्हणजे संशोधकाला मिळालेली मेजवानी: शेताच्या चतुःसीमा, भाडेकरू, येणं, भांडीकुंडी, सगळं एका जागी.

मिझेरिकोर्दिया हा धर्मादाय संघ या पाचांत बसत नाही. तो गृहस्थांचा, राजाच्या छत्राखालचा. मेलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता वारसांना पोचवणं हे त्याचं एक मोठं काम. गावच्या शोधात तो क्वचित लागतो. शहरातल्या घराण्याचा शोध असेल तर मात्र आधी तिथेच जा.

1541 चा आकडा आणि त्यातली मेख

तिसवाडीतली देवळं 1540 च्या सुमारास पाडली गेली. जून 1541 मध्ये बेटावरच्या मुख्य गावकारांकडून देवळांच्या जमिनींचं उत्पन्न नव्या धर्माच्या कामाला लावून घेतलं: वर्षाला 2000 'तंगा ब्रांका' (पांढरा तंगा, त्या काळचं हिशेबाचं नाणं). त्याच वर्षी पवित्र श्रद्धेचा बंधुसंघ निघाला, आणि त्याने सुरू केलेलं संत पॉलचं कॉलेज पुढे जेजुइटांच्या ताब्यात गेलं.

आता हा आकडा उलगडून पाहा. नंतरच्या कागदांत एक तंगा म्हणजे 60 रेइस आणि पाच तंगांचा एक शेराफिन, म्हणजे 300 रेइस. त्या दराने 2000 तंगा म्हणजे 1,20,000 रेइस, म्हणजे 400 शेराफिन. हिशेब सरळ, आणि साफ चूक. 1541 चा 'पांढरा' तंगा वेगळा: 4 बरगानी, प्रत्येक बरगानी 24 लेआल (ही त्याहून लहान नाणी), म्हणजे 96 लेआल. एक लेआल सव्वा नव्हे, 1.2 रेइस. म्हणून तंगा 115.2 रेइसचा. 2000 ला गुणा: 2,30,400 रेइस. 300 रेइसच्या पारदाव या नाण्याने भागा: नेमके 768 पारदाव. जवळजवळ दुप्पट! तंग्याचा दर न तपासता लिहिलेले लेख देवळांचं उत्पन्न अर्ध्यावर आणतात.

यावरून नियम असा: नाण्याचं नाव आणि वर्ष दोन्ही मिळाल्याशिवाय गुणाकार करू नका. पारदावही दोन, सोन्याचा 360 रेइसचा आणि शेराफिनचा 300 चा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपया येतो, 16 तंगांचा. 1958 मध्ये एस्कुदो आला, एका रुपयाला 6. आणि या कुठल्याही रकमेचं 'आजच्या रुपयांत' रूपांतर करायचा मोह आवरा. त्याऐवजी त्याच वहीतलं भात किंवा मजुरी घ्या: विगाराच्या वर्षाच्या पगारात किती खंडी भात आलं असतं, असं मांडा. भाताचं माप 20 कुडवांची खंडी, 20 खंड्यांचा कुंभ.

हिशेबात 12:3:20 असं दिसलं तर ती वेळ नव्हे. 12 शेराफिन, 3 तंगा, 20 रेइस. बेरीज करताना रेइस 60 झाले की एक तंगा हातचा, तंगा 5 झाले की एक शेराफिन. बेरीज जुळली नाही तर आधी आपलं वाचन तपासा, लेखनिकाला नंतर दोष द्या. जुन्या हातात 1 आणि 7, 5 आणि 3 सहज फसवतात. पानाच्या तळाशी पुढच्या पानावर नेलेली बेरीज असते, तीच तुमची पडताळणी.

एक पान असं वाचावं

बंधुसंघाच्या वहीचं पान घ्या. 'रेसैता' म्हणजे जमा, 'देस्पेझा' म्हणजे खर्च. खर्चात मेण, तेल, प्रवचनाचा मोबदला, सजावट, वाजंत्री. मेण वजनावर येतं: आर्रातेल म्हणजे साधारण 459 ग्रॅम, 32 आर्रातेलांचा एक आर्रोबा. मेणाचा खर्च एका वर्षी एकदम वाढला तर महागाई समजण्याआधी पाहा, की त्या वर्षी मोठा माणूस वारला का, नवी मिरवणूक सुरू झाली का.

तारखेत सगळ्यात जास्त माणसं अडखळतात. लेखनिक '7ब्रो' लिहितो. तो जुलै नाही, सप्टेंबर. पोर्तुगीज 'सेतेंब्रो'त सात दडलेला आहे. तसाच '8ब्रो' ऑक्टोबर, '9ब्रो' नोव्हेंबर, आणि रोमन दहा पुढे 'ब्रो' म्हणजे डिसेंबर. या एका चुकीने घटनांचा क्रम उलटा होतो आणि कारण-परिणाम गळ्यात गळा घालून बुडतात. त्यात 1582 च्या ग्रेगोरियन सुधारणेचे 10 दिवस. कुंकळ्ळीला जेजुइट मारले गेले ती 1583 ची घटना एका कागदात 15 जुलै आणि दुसऱ्यात 25 जुलै दिसते, ती यामुळेच. घटना एकच.

गावाची नावं उच्चाराने वाचा, अक्षराने नाही. शेवटी येणारा 'म' बहुधा नुसता अनुस्वार असतो आणि 'एक्स' अक्षर 'श' साठी. माणसांची नावं त्याहून कठीण. धर्मांतरानंतर धर्मबापाचं आडनाव मिळे, म्हणून एकमेकांशी नातं नसलेली चार घरं एकाच आडनावाची होतात आणि सख्खे भाऊ वेगळ्या. वंशावळ आडनावावर लावू नका; वांगडावर, म्हणजे गावकरीतल्या घराण्याच्या क्रमावर लावा. तो फारसा बदलत नाही.

जुने कागद सगळे पोर्तुगीजच असतील असंही नाही. गावकरीचे काही जुने कागद मोडीत किंवा गोंयकानडी लिपीत आहेत. राशोलला 1616 मध्ये छापलेलं क्रिस्तपुराण मराठीत आहे, हे लक्षात घेतलं तर यात नवल वाटू नये. भाषा चिरडायचा मोठा हुकूम 1684 चा. त्याआधीचं गाव बरंच आपल्या भाषेत बोलत आणि लिहीत होतं. मोडी येत असेल तर ती सांगून मागा, कारण ते गठ्ठे फार कमी लोक उघडतात.

सही वाचणं

कागदाचा प्रकार म्हणजे सत्तेचा पत्ता. 'कार्ता रेजिया' राजाचं पत्र. 'आल्व्हारा' राजाचा किंवा व्हाइसरॉयचा हुकूम. 'आसेंतो' मंडळाचा ठराव. 'पास्तोराल' आर्चबिशपचं आज्ञापत्र. 'नेमो' गावकरीचा ठराव, 'सेंतेंसा' न्यायनिवाडा. एकाच वादात आल्व्हारा आणि पास्तोराल परस्परविरुद्ध मिळाले तर लेखनिकाची चूक शोधू नका. खरोखरच भांडण होतं. बंधुसंघाचा हिशेब आर्चबिशपने तपासायचा की सरकारी अधिकाऱ्याने, यावर दोघांत ओढाताण चाले. वहीच्या कडेला कुणाच्या तपासणीचा शेरा आहे, ते त्या वर्षीच्या निकालाचं उत्तर.

इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, याहून वेगळं. 1560 ते 1812 (मधे 1774 ते 1778 बंद) ते गोव्यात होतं, पण आर्चबिशपच्या हाताखाली नव्हतं. त्याचा तार लिस्बनला जोडलेला. व्हाइसरॉयही त्याच्याशी जपून वागे. गोव्यातलं त्याचं बरंचसं दप्तर नष्ट झालं, म्हणून गावच्या खटल्याचा शोध इथे थांबतो आणि लिस्बनच्या पत्रव्यवहारात सुरू होतो.

आर्चबिशप आणि शासन हे नेहमीच दोन स्वतंत्र पक्ष असतील असं धरू नका. आलेशो दि मेनेझेस हे आर्चबिशप 1607 ते 1609 गव्हर्नरही होते. व्हाइसरॉय अचानक वारला की अनेकदा आर्चबिशप कारभारी मंडळात बसे. त्या वर्षांतला हुकूम वाचताना सही कुठल्या पदाने केली आहे, तेवढं नक्की बघा.

हुकूम निघाला म्हणजे अंमल झाला, हे तर मुळीच मानू नका. तीच बंदी दहा-वीस वर्षांनी पुन्हा आलेली दिसली की समजावं, पहिली कुणी जुमानली नव्हती. अंतराचाही हिशेब ठेवा: लिस्बनहून मार्च-एप्रिलला निघालेलं जहाज सप्टेंबर-ऑक्टोबरला गोव्याला लागे, आणि उत्तर घेऊन परतीचं जहाज डिसेंबर-जानेवारीत सुटे. म्हणून राजाशी चाललेल्या पत्रव्यवहाराच्या वह्यांना 'मोन्सूनच्या वह्या' म्हणतात. तक्रार आणि तिचं उत्तर एकाच वहीत शोधू नका, दोन वर्षं पुढची वहीही मागवा. संघ बरखास्तीचा हुकूम मे 1834 चा, गोव्यातली कारवाई 1835 ची. 1834 चं कपाट उघडून 'काही नाही' म्हणून परतणारे पुष्कळ.

कुंकळ्ळीचा शोध घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 1583 नंतर कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडे या गावांतल्या गावकारांचे जमिनीवरचे हक्क गेले. कुंकळ्ळी आणि वेरोडे सरदारी जहागिरीखाली गेले. तिथल्या सहीत गावकरी सापडत नाही, जहागीरदाराचा कारभारी सापडतो. नेहमीच्या कोमुनिदादीच्या यादीत गाव दिसत नाही म्हणून कागद हरवले, असा निष्कर्ष काढू नका.

जाताना काय घेऊन जावं

कोमुनिदादीचे पुढचे कागद तीन प्रशासकांच्या कचेऱ्यांत मिळतात: म्हापसा, पणजी, मडगाव. जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आधी इगर्जीत होत. 1910 च्या प्रजासत्ताकानंतर सरकारी नोंदणी सर्वांना लागू झाली, म्हणून विसाव्या शतकातल्या माणसासाठी आधी सिव्हिल रजिस्ट्रार, मग विगार. विगाराकडे जाताना वर्ष, नाव, आई-बाप लिहून न्या. 'आमच्या घराण्याचं काय आहे ते दाखवा' म्हटलं की दार हळूच मिटतं.

पानाचा फोटो मिळाला नाही तर उतरवून घेताना दर नोंदीला सहा गोष्टी: गठ्ठ्याचा क्रमांक, पान आणि त्याची बाजू (पुढली की मागली, कारण जुन्या वहीत पानाला एकच आकडा असतो), तारीख जशी लिहिली तशी, रक्कम नाण्याच्या नावासकट, पेटी कुठली, सही कुणाची. सुधारलेली तारीख आणि रूपांतरित रक्कम वेगळ्या रंगात, बाजूला. मूळ आकड्यावर कधी खोडू नका. तंग्याचा दर चुकला होता हे सहा महिन्यांनी कळलं, तर पुन्हा पणजीची फेरी पडत नाही.